सोप्याचं सारवण

रविवारी उंब्रजच्या उपासनेत मी उपदेश केला, की घरचं झाडणं-सारवणंसुद्धा देवाच्या गौरवासाठी करावं. मंडळी भारावली; मी जरा जास्तच. सोमवारी बायकोला म्हणालो, "एस्तेर, आज सोपा मी सारवणार. पण आधी प्रार्थना."

सोप्याच्या मधोमध गुडघे टेकले, डोळे मिटले. शेणाच्या पाटीपासून सुरुवात केली आणि रॉकेलच्या रांगेतल्या बायकांपासून दिल्लीच्या सरकारापर्यंत कुणालाच वगळलं नाही. शेवटी आमेन म्हणून डोळे उघडले, तर माझ्या चारी बाजूंनी सोपा सारवून ओला झालेला. शेजारी एस्तेर शेणाचा गोळा हातात धरून उकिडवी बसली होती.

"आमेन," ती म्हणाली. "आवं, आता उठा. तुमच्या गुडघ्यांखालचं तेवढंच ऱ्हायलंय."