लोणच्याचा नियम

आत्मारामने बरणीच्या तोंडावरचं फडकं सोडलं, आणि ओटीवर बसलेल्या दोघांनी वासासाठी माना पुढे केल्या. मग हळूच मागे घेतल्या. भिजून कोपऱ्यात पडलेल्या गोणपाटाला येतो तसला वास सुटला होता.

सखाराम आणि विठू मिरजोळ्याहून मुद्दाम चालत आले होते. आपल्या घरच्या गांजाची चव अख्ख्या पंचक्रोशीत नाही, असं आत्माराम स्वतःच सांगत सुटे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. दिवाळीत सरकारने नवा कायदा आणला तेव्हा बाकीच्यांनी परसातली झाडं मुकाट उपटली. ह्याची दोन मात्र केळींच्या आड खुशाल डोलत राहिली. पौषात ती कापून त्याने माळ्यावर सावलीत उलटी टांगली, उन्हाची तिरीपसुद्धा लागू दिली नाही. वाळली म्हणताना, बायकोच्या माघारी रिकामी पडलेली लोणच्याची बरणी काढली. मग रोज सकाळी पेज झाली की बरणी उघडायची, वास घ्यायचा, घटकाभर वारा द्यायचा, पुन्हा बांधायची. शेवटचे आठ दिवस तेवढे, मुरू दे म्हणून, हात लावला नव्हता.

बायको लोणच्याचे जे जे नियम पाळायची, ते सगळे त्याने ह्या बरणीला लावले होते. ओला हात नको. खरकटा हात नको. आणि महिन्याचे चार दिवस बाजूला बसलेल्या बाईची तर सावलीही नको. घरात बाई एकच होती, सून मालन.

त्याने बरणीत हात घालून मूठभर बाहेर काढलं. सगळ्यावर पांढरी बुरशी धरली होती.

"आत्मारामदादा," विठू म्हणाला, "तुझ्या मालाला तर मिशा फुटल्या!"

दोघं खो खो हसले. आत्माराम हसला नाही. बरणी भरताना जाड काड्या कडकन मोडायला हव्या होत्या, त्या नुसत्या वाकत होत्या, हे त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण ह्या दोघांना दिवस सांगून बसलेला, म्हणून तशाच दाबून भरल्या. म्हणूनच माल नासला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण कबूल करायला जीभ रेटेना.

"मालन!" तो आत बघून ओरडला. "भायेर ये आधी. बाजूला बसली असताना बरणीला हात लावलास काय गो?"

सखारामने मान खाली घातली. असली गोष्ट घरातसुद्धा कुणी मोठ्याने बोलत नाही, आणि इथे तर परके दोन बाप्ये बसलेले. विठूचं हसू कुठल्या कुठे गेलं.

मालन दारात येऊन उभी राहिली. हात भाकरीच्या पिठाने भरलेले होते. "नाय मामा. मी नाय हात लावला."

"मग सावली पडली असंल. त्याशिवाय असा नासंल कशाला? खरा काय ता सांग!"

बोलावं की बोलू नये, हे तिचं ठरत नव्हतं. शेवटी म्हणाली, "मामा, मी बाजूला बसले की चूल कोण पेटवता?"

"मी पेटवतो. दुसरा कोण हाय?"

"तुळशीच्या लग्नापासनं किती वेळा पेटवलीत?"

आत्माराम बोटांवर महिने मोजू लागला. तुळशीच्या लग्नाला मुलगा काशीराम मुंबईहून आला होता, चार दिवस राहून गेला. त्यानंतर मार्गशीर्ष गेला, पौष गेला, माघ निम्मा सरला. एवढ्या दिवसांत त्याने पेजेचं मडकं एकदाही चुलीवर चढवलं नव्हतं. पेज रोज आयती पुढे येत होती. तो ती पिऊन, हात धुऊन, बरणीचा वास घ्यायला उठत होता.

"आयेला सांगायचा होता पयला," मालन म्हणाली. "सोमवारी म्हायेरी सावर्ड्याला जाणार होते."

आत्मारामला शरम वाटली. अशी शरम त्याला उभ्या जन्मात वाटली नव्हती. पोरीने तीन महिने जपलेली, आईच्या कानात सांगायची गोष्ट त्याने ओटीवर दोन गंजेकऱ्यांपुढे ओढून काढली होती.

"काड्या वल्या होत्या," तो पुटपुटला. "भरताना दिसल्या होत्या मला."

पण आता गांजाचं कुणी विचारतच नव्हतं.

सखाराम वयाने मोठा. त्यानेच घसा खाकरला. "बाय, वाईच साखर हाय ना घरात? घेऊन ये. अशी बातमी कोरड्या तोंडाने ऐकू नये."

मालनने हात धुतले, डोळे पुसले आणि साखरेची वाटी आणली. आधी सखारामच्या तळहातावर चिमूटभर घातली, मग विठूच्या. "सुखरूप सूट गो बाय," म्हणत सखारामने साखर तोंडात टाकली.

मग ती सासऱ्यापुढे आली. आत्मारामने सवयीने हात पुढे केला आणि मूठ उघडली. तळव्यावर पांढरी बुरशी चिकटली होती. त्याने हात धोतराला पुसला. बघितला. पुन्हा पुसला.

मालन तोवर थांबली नाही. तिने वाटी त्याच्यापासून दोन हात लांब जमिनीवर ठेवली, बाजूला बसलेल्या बाईकडे ताट सरकवतात तशी बोटांच्या टोकांनी पुढे सरकवली, आणि आत गेली.