नुसते उभे राहणारे पाय

लाल टाचांचे बूट. फळीवरची धूळ. काखेतली कुबडी.

संस्थेच्या कारखान्यात गरजूंना कृत्रिम पाय फुकट मिळायचे. देणग्या आटल्या, तेव्हा संस्थेने कपड्यांच्या दुकानांसाठी पुतळे बनवायला घेतले; त्यांच्या कमाईतून पाय होणार होते. आता मिस्त्रीला पुतळ्यांतून मान वर करायला फुरसत नव्हती.

कुबडीवरच्या पोरीने लाल बूट घातलेल्या पुतळ्याकडे बोट दाखवलं. "काका, ह्या बाईला कुठे जायचंय?"

मिस्त्री ओशाळला. फळीवरच्या तिच्या कृत्रिम पायाची धूळ झटकून त्याने तो तिला लावून पाहिला. चार बोटं तोकडा.

"ताडमाड वाढलीस की गं!"

"म्हणजे परत पहिल्यापासून?" तिच्या आईने विचारलं.

"एवढी ऑर्डर जाऊ द्या, ताई. मग बघतो."

पुतळ्यांचं काम आलं त्या सकाळी त्या पायाला फक्त पट्टा लावायचा राहिला होता.