नववा प्रश्न

"रेकॉर्डिंग चालू करू का, चाची? तुमचं नाव कुठंच येणार नाही. नको वाटलं तर मधेच थांबता येईल."

हलिमानं मान हलवली. चेतनानं मोबाइल सतरंजीवर ठेवला.

इंझोरीच्या कांतीलाल जैनांची ही मुलगी अमरावतीला मानसशास्त्रात एम.ए. करत होती. तिला एक केस स्टडी लिहायची होती, मूल गमावलेल्या आईवर. त्यासाठी ती मंगरूळपीरला आली होती. हलिमाचा एकुलता एक मुलगा मोईन अमरावतीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. सात महिन्यांपूर्वी ट्रकनं त्याला उडवलं.

प्रश्न पंधरा होते. सुरुवातीला हलिमा मोजकंच बोलली.

"अजूनई दोन भाकरी जास्तीच्या होतात माह्याकून. हे म्हणतात, काहून वं? आता हाताले कसं समजावू?"

चेतना लिहीत राहिली. मुलाखत घेणाऱ्यानं स्वतःच्या भावना मधे आणायच्या नाहीत, असं मॅडमनी वर्गात बजावलं होतं. भिंतीवर मोईनचा फोटो होता. तिनं तिकडे एकदाही पाहिलं नाही.

नववा प्रश्न आला. "त्याच्यासाठी काय काय ठरवलं होतं तुम्ही?"

"लगन. तीन पोरी पाह्यल्या. दरवेळी म्हणे, थांब अम्मी, सांगतो." हलिमानं ओढणीनं डोळे पुसले. "आता वाटते, बरं झालं नाही केलं. एका पोरीची जिंदगी तं वाचली."

चेतनाचा पेन थांबला.

"काय झालं, बेटा? थांबू का मी?"

"नाही, चाची. बोला तुम्ही."

निघताना हलिमानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. "येत जाय. त्याचं नाव काढलं का लोकं विषय बदलतात आता. अभ्यासासाठी का होईना, तू पुसलं."

चेतनानं मान खाली घातली आणि बसस्टँडची वाट धरली.

आठवड्यानं रंजीता मॅडमनी तिला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं.

"अहवाल चांगला आहे. म्हणून रेकॉर्डिंगही ऐकलं, दोनदा." त्यांनी एका ओळीवर पेन्सिल टेकवली. "'मुलगा झोपेत बडबडायचा, कपाळावर हात ठेवला की शांत व्हायचा.' हे त्या बाई कुठंच बोललेल्या नाहीत."

चेतनानं ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"मनानं घातलंस ना? बनावट माहिती आहे ही. केस रद्द करावी लागेल मला."

"बनावट नाही, मॅडम. खरं आहे."

"कशावरून? कोणी सांगितलं तुला?"

"कोणीच नाही," चेतना म्हणाली. "अकरा महिन्यांचं लग्न होतं आमचं."