क्लचचं दुखणं

“दाब,” गाडीखालून हरिश्चंद्र म्हणाला.

ड्रायव्हरच्या सीटवर अवघडून बसलेल्या आनंदीने लुगडं सावरलं आणि क्लच दाबला.

“धर... आता सोड.”

खाली क्लचच्या तेलाच्या नळीच्या टोकाला धरलेल्या बाटलीत एकही बुडबुडा आला नाही. म्हणजे आत हवा नव्हती. तेल कुठे गळत नव्हतं. सिलिंडरातली रबरं नवीकोरी होती, कोल्हापूरच्या एसटी ड्रायव्हरच्या मिनतवाऱ्या करून आणवलेली. तरी गिअर टाकायला गेलं की गाडी करकरून ओरडायची. एकोणपन्नास सालची ही विलायती टॅक्सी पंधरा वर्षं मालवणच्या स्टँडवर उभी होती, पण असा हट्ट तिने कधी केला नव्हता. आणि नेमका आजही तिने तो सोडला नव्हता.

आज दुर्गाला मसुऱ्याहून आणायचं होतं. लेक लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी यायची होती. हरिश्चंद्राने भर मांडवात व्याह्यांना सांगून ठेवलं होतं, की लेकीला न्यायला मी येणार, माझी गाडी घेऊन, स्वतः चालवत. चारचौघांत असं बोलून बसायची त्याला भारी हौस. दुर्गा सकाळपासून ओटीवर बसून रस्त्याकडे बघत असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“पेडल जड लागता मां?” त्याने खालून विचारलं.

“नाय ओ. माका काय जड लागाक नाय.”

“तुका काय कळता त्यातला!” हरिश्चंद्र सरपटत बाहेर आला. “दगडासारख्या घट्ट झाला आसा ता.”

उठताना त्याने दाराला धरलं. डावा पाय हल्ली जरा मागेच राहायचा. त्या पायातली चप्पल वाटेत कधी सुटायची ते त्याला कळायचंही नाही. आनंदी ती उचलून मुकाट्याने त्याच्या पुढ्यात ठेवायची.

“उतर. आता इंजिन चालू करून बघूया. मी क्लच दाबतंय, तू वाकान खाली बघ. तो दांडो दिसता? तू दाबलंस तेवा खडूच्या खुणेपर्यंत येय होतो. आता खंयपर्यंत येता ता सांग.”

आनंदी गोणपाटावर आडवी झाली. जन्मात पहिल्यांदाच ती गाडीचं पोट बघत होती. इंजिन सुरू झालं. दांडा पुढे सरकला, थरथरला आणि अर्ध्यावरच थांबला. वरून हरिश्चंद्राच्या कण्हण्याचा आवाज आला. तो सगळा जोर लावत होता. दांडा तसूभरही पुढे गेला नाही.

तेव्हा आनंदीला सगळं एकदम कळलं. तिला रडू आलं. गाडीखाली कोण बघतंय, म्हणून तिने ते येऊ दिलं.

“इलो खुणेर?”

“इलो,” ती म्हणाली. “सगळो इलो.”

हरिश्चंद्राने इंजिन बंद केलं. ती डोळे पुसून उठली तरी तो बसूनच होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून.

“मगे आतल्यो प्लेटी गेल्यो,” तो म्हणाला. “गाडी सगळी उघडूक व्हयी. आता ह्या म्हाताऱ्येक कोण उघडता? भंगारात घालूची. दुर्गाक बैलगाडी धाडया.”

इतक्या पडेल आवाजात तो कधी बोलत नसे. आनंदीचा जीव कळवळला. त्याला सांभाळायला म्हणून ती खोटं बोलली होती, आणि त्या खोट्याने त्याची धडधाकट गाडी भंगारात निघाली होती.

“मी खोटा सांगलंय,” ती म्हणाली. “दांडो अर्द्यार रवलो. मी दाबतंय तेवा खुणेर येता, तुमी दाबतास तेवा येणा नाय. गाडी बरी आसा.”

हरिश्चंद्र आपल्या डाव्या पायाकडे बघत राहिला. स्टँडवरच्या कुठल्याही गाडीचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून सांगायचा. मग त्याने मांडीवर हात ठेवला.

“माका जरा वाटत होता तसा,” तो हळूच म्हणाला. “म्हटलंय, रबरा बदलल्यार जायत.”

आनंदी गाडीला वळसा घालून पलीकडे गेली. लग्नकार्याला, देवळाला जाताना ती नेहमी मागे बसायची. ड्रायव्हरची बायको झाली तरी पुढे बसायची रीत नव्हती. आज तिने पुढचं दार उघडलं आणि एकसलग सीटवरून सरकत थेट नवऱ्याच्या कुशीला येऊन टेकली. गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच होता, मध्ये अडचण कसलीच नव्हती. तिने वाकून त्याचा डावा पाय दोन्ही हातांनी अलगद बाजूला ठेवला, आणि आपला उजवा पाय क्लचवर दिला.

“चालू करा. दाबलंय मी. टाका गिअर.”

त्याने गिअर टाकला. गाडीने हूं की चूं केलं नाही.

“आता सोड. सावकाश सोड गो.”

पहिल्या खेपेला गाडीने गचका देऊन मान टाकली. पुढच्या खेपेला मात्र ती अंगणातून सरळ पाणंदीला लागली. हरिश्चंद्र लहान पोरासारखा हसला. मग समोर बाजारपेठ दिसू लागली तसा त्याचा चेहरा कावराबावरा झाला. तिथून पुढे मसुरे, आणि मसुऱ्याला दारात उभे असलेले व्याही-विहीण.

“अगो, ह्या वयात अशी चिकटान बसलंस तर लोक काय म्हणतले? व्याह्यांका काय सांगू मी?”

आनंदीने डोईवरचा पदर नीट केला. क्लचवरचा पाय तिने काढला नाही.

“क्लच बिघडलो, म्हणान सांगा.”