खडूने लिहिलेलं नाव

अगं, आधी ऐक तर! एकोणीसशे पंचेचाळीस, अमेरिका. युद्ध संपलं आणि जहाजांच्या कारखान्यात तीन वर्षं वेल्डिंग करणाऱ्या लोरेटाला फोरमन म्हणाला, “पुरुष परतले. नव्या माणसाला शिकव. तो पास झाला की तू घरी.”

नवा माणूस कोण, तर तिचाच नवरा!

पठ्ठ्याचा हात काही स्थिर होईना. परीक्षेच्या दिवशी त्याच्या वेल्डिंगच्या जोडाला भोकंच भोकं पडली. “लोरे, तूच जोड मारून दे ना गं,” तो गयावया करायला लागला. फोरमन यायच्या आत तिने झरझर दुसरा जोड मारला. त्याशेजारी, ज्याचा जोड त्याचं नाव या कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे, नवऱ्याने खडूने स्वतःचं नाव लिहिलं.

फोरमनने जोडावरून बोट फिरवलं. “बघ लोरेटा, याला म्हणतात पुरुषाचा हात!”

नवरा मान खाली घालून उभा होता. लोरेटाने हातमोजा काढला आणि अंगठा त्या नावावर टेकवला.

सांग ना, तू पुसलं असतंस?