बंद बाटली

सुगंधाने मॅनेजर दाभाडेंच्या टेबलावर बंद बाटली आदळली. आत पिठाहून बारीक ॲल्युमिनियमची पूड होती. तिच्या कणाकणावर पातळ लेप चढवला नाही, तर हवा लागताच ती भडकते. काल कारखान्यात तशीच भडकली, आणि सुगंधाचा नवरा जागीच जळून गेला.

"लेप दिलेला होता. तुझ्याच नवऱ्याने विडी पेटवली असणार," दाभाडे गुरकावले.

"ही त्याच बॅचमधली आहे, साहेब. मग उघडा की!"

दाभाडेंचा हात हलेना. तिने त्यांची मानगूट धरून तोंड टेबलावर दाबलं आणि झाकण फिरवायला घेतलं.

"नको, नको! लेप दिलाच नव्हता!" ते किंचाळले.

तिने झाकण सोडलं. दारात जमलेले कामगार एकेक करत आत आले, आणि शेवटच्याने कडी लावली.