खोक्यांतली लढाई

“काळी गारगोटी फक्त किनाऱ्यावर सापडते. पांढरी फक्त पठारावर. खिंडीत दोन्हींच्या पात्या मिळाल्या आणि त्यांतल्या बऱ्याचशा मोडलेल्या. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी तिथं दोन टोळ्यांची लढाई झाली,” पुरातत्त्वज्ञ टोर्गेर म्हणाला आणि त्यानं टेबलावरची खोकी पुढं सरकवली.

“डोंबलाची लढाई!” रिस्तेन कडाडली. “तुझ्या घरची सुरी कधी मोडत नाही वाटतं?”

“मावशी, हळू,” शेजारी बसलेल्या आन्तेनं तिची बाही ओढली. पण रिस्तेन कसली ऐकते! सकाळपासून नगरपालिकेच्या सभागृहात सुनावणीला बसून तिचं डोकं तापलं होतं. तांब्याच्या खाणीचा रस्ता त्याच खिंडीतून जायचा होता आणि तिचे रेनडियरही दरवर्षी तिथूनच जायचे. हिवाळा पठारावर, उन्हाळा समुद्रकाठी. तिची आई अशीच चालली, आजी अशीच चालली. आणि हा कालचा पोरगा दोन उन्हाळे माती उकरून लिहितो काय, तर ती जुनी येण्याजाण्याची वाट नव्हेच, दोन शत्रूंमधली सीमा होती! आज या अहवालावर शिक्का बसला की त्या वाटेवरचा तिचा हक्क संपला आणि खिंडीत डंपर फिरणार. मग कळप न्यायचा कुठून?

“तुम्हालाही बोलायला मिळेल, बाई,” अध्यक्ष म्हणाले.

“मिळेल तेव्हा मिळेल. मी आत्ताच बोलते.”

ती तरातरा टेबलापाशी गेली. तीन खोकी होती. काळ्या दगडांच्या खोक्यावर ‘किनारी लोक’ अशी चिठ्ठी, पांढऱ्यांच्या खोक्यावर ‘पठारी लोक’. तिसऱ्यात हाडं आणि शिंगांचे तुकडे होते. त्यावर लिहिलं होतं, ‘इतर’. ते वाचून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरकारी कागदांवर याच रकान्यात तिचा जन्म गेला होता.

“हे असं वेगळं कुणी केलं?”

“मीच. दगडाच्या जातीप्रमाणे. आमची पद्धतच आहे तशी.”

“आणि मातीत कसं होतं?”

टोर्गेर जरा अडखळला. “मातीत… एकाच जागी होतं सगळं.”

रिस्तेननं ‘इतर’मधून शिंगाचा एक वीतभर तुकडा उचलला. त्याच्या एका कडेला सरळ खाच होती. खाचेत काहीतरी काळं, वाळलेलं. तिनं त्यावरून अंगठा फिरवला. मग एक काळी पाती उचलून उजेडात धरली. मग एक पांढरी. दोघींच्या एकेका कडेला तेच काळं लागलेलं.

“अहो, हात नका लावू!” टोर्गेर ओरडला.

“लावणार! भूर्जाच्या सालीचं डांबर आहे हे. आजी याच डांबरानं होडीच्या फटी बुजवायची. एवढं शिकलास आणि एवढं दिसलं नाही तुला?”

तिनं काळी पाती खाचेत बसवली. बसली. तिच्या शेजारी पांढरी. तीही बसली. मग पुन्हा काळी, पुन्हा पांढरी. अध्यक्ष खुर्चीतून उठून बघायला आले. टोर्गेरनं चष्मा काढला, पुसला, परत घातला.

रिस्तेननं ती सुरी त्याच्यासमोर ठेवली.

“हं, आता सांग बाळा,” ती म्हणाली, “यातल्या कुणी कुणावर पहिला वार केला?”